बारमाही अकरा

शिरगणती आबा घरी आले की माझी आई स्वयंपाकघरात निघून जायची आणि भांडी जरा जोरातच आपटायची. त्याला कारण होतं. एकदा आबांनी तिला सहज विचारलं, "घरात माणसं किती?" आई म्हणाली, "चार." आबा म्हणाले, "काल रात्री जेवायला किती होती?" आई म्हणाली, "तीन. पण मुलगा बंगलोरला असतो ना." "किती वर्षं?" "सहा." "मग तीनच," असं म्हणून आबांनी शांतपणे चहाचा घोट घेतला. आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या दिवसापासून तिने त्यांना बिनसाखरेचा चहा द्यायला सुरुवात केली आणि आबा सगळीकडे सांगत फिरले की वहिनी माझ्या तब्येतीला फार जपतात.

ते आमचे नात्याने कोणी नव्हते. गाववाले, एवढंच. भांडुपच्या एका शाळेत भूगोल शिकवण्यात त्यांची नोकरी संपली. मास्तर लोकांना जनगणनेच्या कामाला जुंपतात तेव्हा बाकीचे मास्तर कपाळाला हात लावतात. आबांना मात्र लग्नाचं आमंत्रण आल्यासारखा आनंद व्हायचा. दाराला कुलूप दिसलं तर शेजाऱ्यांना विचारून मोकळं व्हावं, तर नाही, त्याच घराला चार चार फेऱ्या. ते निवृत्त झाले, पण माणसं मोजायची खोड गेली नाही. गावच्या मुंबई मंडळाने त्यांना 'शिरगणती' हे नाव ठेवलं आणि त्याचाही त्यांना राग आला नाही. अशा माणसावर चिडावं तरी कसं, हा माझा कित्येक वर्षांचा प्रश्न आहे.

आमचा जिल्हा लहान आणि डोंगराळ. राज्याच्या नकाशावर बोट ठेवलं तर अर्धा झाकून जातो. आबांच्या मुलुंडच्या घरात फ्रिजच्या वर त्यांनी स्वतः काढलेला आमच्या गावाचा नकाशा होता, आणि तो पाहिला की कळायचं, आमचं गाव हे एक गाव नव्हेच. खाली नदीकाठी देऊळवाडी. तिथे एसटी येते, दुकान आहे, शाळा आहे. व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडला की मधली वाडी. तिच्यावर घाटी, म्हणजे नुसती दगडांची चढण. मग उघडा कातळाचा सडा, आणि सड्याच्या पलीकडे एका झऱ्याच्या आधाराने बसलेली माथेवाडी. कागदावर या सगळ्याला मिळून एकच नाव. त्यामुळे गावाला रस्ता पोचला असं कागद म्हणतो तेव्हा तो देऊळवाडीला पोचलेला असतो. आबा म्हणायचे, "गाव विचारलं तर वाडी सांगायची. आणि वाडी विचारली तर चढायला किती वेळ लागतो ते सांगायचं. किलोमीटर सांगणारा माणूस कधी चढलेला नसतो." मी मुलुंडात जन्मले, पवईच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते, पण ती चढण मला त्यांच्या नकाशामुळे पाठ आहे.

माझा आणि आबांचा संबंध वाढला तो लॅपटॉपमुळे. मंडळात टायपिंग येणारी मी एकटी. माथेवाडीला रस्ता मिळावा म्हणून मंडळ बरीच वर्षं अर्ज करत होतं. त्या वाडीत आजही कोणी आजारी पडलं तर खुर्चीला बांबू बांधून डोली करतात आणि घाटीवरून खाली आणतात. माझी थोरली काकी तिथेच एकटी राहते. त्यामुळे हा रस्ता मला मंडळाच्या कामासारखा परका नव्हता, तो मला हवाच होता. अडचण एकच होती. रस्ता मिळायला वस्ती ठरावीक आकड्याची लागते, आणि माथेवाडीत घरं भरपूर असली तरी बहुतेकांना कुलपं. माणसं भांडुप, घाटकोपर, मुलुंड, विरारला.

मंडळाने सगळ्यांची नावं गोळा केली. रेशन कार्डं गावची, मतदान गावचं, तेव्हा नावंही गावची, असा साधा हिशेब. यादी चांगली लांबलचक, साठ नावांची झाली. मी ती टाइप करून आबांकडे तपासायला नेली. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि अर्ध्या तासात माझ्या दोन रविवारांची वाट लावली. "हा डोंबिवलीला. ही सुरतेला दिलेली. हा तर वारला." शेवटी अकरा नावं उरली.

मी म्हटलं, "आबा, यांची घरं आहेत ना तिथे?"

"घरां आसत. माणसां खंय आसत?" चिडले की ते मालवणीवर यायचे. "कुलपाक कोण माणूस म्हणता, गो?"

मंडळाच्या सेक्रेटरींनी त्यावर तोड काढली, आणि ती फक्त आमच्याच लोकांना सुचू शकते. वर्षातून एकदा माथेवाडी खरोखर भरते, ती गणपतीत. कुलपं निघतात, चुली पेटतात, खळ्यात, म्हणजे अंगणात, मांडव पडतो, पोरंटोरं सड्यावर क्रिकेट खेळतात. रस्त्याच्या खात्यातले एक साहेब शेजारच्याच गावचे, तेही गणपतीला घरी आलेले. सेक्रेटरींनी त्यांना मोदक खायला आणि जाता जाता वस्ती बघायला बोलावलं. घाम पुसत साहेब वर आले. घराघरांतून आरत्या चालल्या होत्या, जेवणाच्या पंगती बसल्या होत्या. साहेब खूश झाले. म्हणाले, "अरे, बरीच वस्ती आहे की!"

सेक्रेटरी म्हणाले, "आहेच साहेब. बारमाही."

मी तिथेच होते, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. आबा खळ्याच्या कडेला पानाला चुना लावत बसले होते. मी मनातल्या मनात गणपतीला सांगत होते, आज एक दिवस यांची वाचा जाऊ दे. पण आबा उठलेच. "साहेब, ही गणपतीची माणसं. गणपतीबरोबर जातील. बारमाही अकरा."

मांडवात कोणीतरी झांज वाजवत होतं, तेही थांबलं. साहेब हसले, विषय बदलला, मोदक खाल्ला आणि खाली गेले. काही महिन्यांनी पत्र आलं की सदर वस्ती लोकसंख्येच्या निकषात बसत नाही.

मंडळाची सभा मुलुंडच्या एका शाळेच्या वर्गात झाली. मोठमोठे लोक लहान बाकांवर गुडघे दुमडून बसले होते आणि सगळे एकाच वेळी ओरडत होते. "आम्हाला तोंडघशी पाडलंत!" "तुमचं काय जातंय, तुम्ही इथे लिफ्टमध्ये चढता!" आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अकरा माणसांसाठी रस्ता मागा. साठ दाखवून मागितलात, तर अकरा माणसं थोडी आहेत असं तुम्हीच कबूल केलंत." सभेने त्यांना कमिटीतून काढलं.

मीही चिडले होते, पण त्या सुमारास एका संध्याकाळी त्यांनी मला गच्चीवर नेलं. मागे नॅशनल पार्कचे डोंगर, पुढे नवा टॉवर. "दिवे मोज," म्हणाले. एवढा मोठा टॉवर, आणि दिवे नऊ. बाकीचे फ्लॅट कोणी कोणी घेऊन ठेवलेले. "हयसर कोण रवता? पण रस्ता बघ, सिमेंटाचो. पाणी चोवीस तास. हेंका कोणी इचारल्यान, तुमी बारमाही किती?" त्यांचं म्हणणं मला पटलं, आणि पटल्यामुळे मी जास्तच वैतागले. बरोबर असून उपयोग काय होता? खोटं बोलून रस्ता झाला असता आणि त्या खोट्यावरून काकी रिक्षात बसून डॉक्टरकडे गेली असती.

पुढच्या वर्षी काकी घाटीत घसरली. मांडीचं हाड मोडलं. डोलीतून खाली आणायला तीन तास लागले, कारण उचलणारे मधल्या वाडीतून बोलवावे लागले. तालुक्याला ऑपरेशन झालं आणि आम्ही तिला मुलुंडला आणलं. त्या संध्याकाळी मी सरळ आबांकडे गेले आणि मनातलं सगळं बोलले. "तुमचा आकडा बरोबर आला, आबा. माझ्या काकीचा पाय मोडला. तुमच्या खरेपणाची डोली तुम्ही उचलणार आहात का?"

त्यांनी फ्रिजवरच्या नकाशाकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी वाईट वाटल्याचं म्हणतील. त्यांनी विचारलं, "म्हणजे ती आता मुलुंडात?"

"हो."

"म्हणजे वर दहा."

मी दार आपटून निघाले. आयुष्यात कोणाचा एवढा राग मला आला नव्हता. जिना उतरताना मी रडत होते आणि त्यांना मनात येतील ती नावं ठेवत होते.

पंधरा दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन. "अगं, आबांना तू तरी समजाव ना यार. बॅग भरून बसलेत. म्हणतात, वर राहायला जातो. सत्तरी उलटली, बीपीच्या गोळ्या चालू, तिथे धड रेंज नाही." मी गेले नाही. जायला हवं होतं, पण राग गेला नव्हता. आबा एका ट्रंकेसह माथेवाडीला गेले, स्वतःच्या घराचं कुलूप काढलं आणि चूल पेटवली. मला एक पोस्टकार्ड आलं. त्यावर फक्त एवढंच: 'आता परत अकरा. काकी येईल तेव्हा बारा.'

काकी चार महिन्यांनी काठी टेकत परत गेली. मुलुंडात तिला थांबवायला आम्ही हात जोडले, ती ऐकेना. वर आबांनी नवं काम काढलं होतं. दर महिन्याला ते एक अर्ज लिहायचे. त्यात बाराही जणांची नावं, वयं, कोण कितीदा घाटी उतरलं आणि कशासाठी. औषध, बाजार, बँक, मयत. उतरणाऱ्या कोणाच्या तरी हाती तो अर्ज खाली यायचा, पोस्टाने माझ्याकडे, मी टाइप करून पाठवायची. उत्तर एकदाही आलं नाही. मला ते अर्ज टाइप करणं जिवावर यायचं. तरी एकही महिना चुकवला नाही, कारण त्यांनी एकही चुकवला नव्हता.

एकदा मे महिन्यात मी त्यांना न्यायलाच गेले. मला घ्यायला ते देऊळवाडीपर्यंत उतरून आले होते. परत चढताना त्यांना धाप लागत होती, दोनदा दगडावर बसले. मी म्हटलं, "आता पुरे. तुमचं म्हणणं सगळ्यांना कळलं. चला घरी." ते म्हणाले, "कळून काय करायचं, गो? राहायला कोणी आलं का?" मी म्हटलं, माझी नोकरी आहे. ते म्हणाले, "आसा तर. मी तुका खंय काय म्हणतंय?" त्यांच्या आवाजात दोष नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी मी एकटीच उतरले.

माघात एका सकाळी सड्यावरून कोणीतरी रेंज पकडून फोन केला. आबा पहाटे गेले. मंडळाने लगेच तीन मोठ्या गाड्या केल्या. मी, बाबा, आबांचा मुलगा, सेक्रेटरी, ज्यांनी सभेत त्यांना शिव्या घातल्या होत्या ते सगळे. वाटेत हार घेतले. फोन लागत नव्हता, पण आमच्यासाठी थांबतीलच, असं सगळे धरून चालले होते. देऊळवाडीला पोचेपर्यंत उन्हं कलली, घाटी चढता चढता सूर्य टेकला. धापा टाकत आम्ही पंचवीस-तीस माणसं माथेवाडीच्या खळ्यात उभी राहिलो, तेव्हा सगळं उरकलं होतं.

वाडीत खांदा देता येईल असे दोनच पुरुष, तेही म्हातारे. मधल्या वाडीची माणसं लग्नाला गेलेली. शेवटी मागच्या बाजूला दोन बायकांनी बांबू धरला, आणि काठी टेकत माझी काकी मडकं घेऊन पुढे चालली. आबांचा मुलगा खळ्याच्या पायरीवर मटकन बसला. हार आमच्या हातातच होते.

सेक्रेटरी म्हणाले, "काकी, जरा थांबायचं ना. आम्ही एवढी माणसं येतच होतो."

काकीने पदराने तोंड पुसलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. ती रागावली नव्हती, फक्त दमली होती.

"थांबाचां कोणासाठी?" ती म्हणाली. "हयसर होतों तितक्यांनी नेलां तेंका."