खाली घट्ट, वर मऊ

तान्ह्या लेकीला आजोळाहून आणायला निघालो होतो. उंब्रजला पुलाच्या सावलीत थांबून गाडीत बाळाची नवी सीट बसवली. मऊ लागावं म्हणून खाली आईची गोधडी घातली.

मेंढरांमागून आलेली एक धनगरीण थांबली. तिच्या घोड्यावर बिऱ्हाड होतं आणि बिऱ्हाडावर बांधलेलं तिचं लेकरू झोपलं होतं. तिने सरळ हात घालून सीट हलवली. मी चिडलोच, पण सीट डुगडुगली.

“आवं, गोधडी काढा. दबली की पट्टा ढिला पडतोय.”

मी काढली. तिने सीटवर गुडघा रोवला आणि मला पट्टा ओढायला लावला. मग सीट गदागदा हलवली. गाडी हलली, सीट नाही.

“माया वरनं पांघरावी. खाली घट्टच पायजे.”

ती निघाली. पुढे ओढ्याच्या उतारावर घोडा घसरला, मी धावलो. घोडा सावरला.

लेकरू जागंसुद्धा झालं नाही.