खाकी काकडा

पेडण्याच्या अग्निशामक केंद्रात जयरामला सगळे 'पातेऱ्याचो भट' म्हणत. पातेरा म्हणजे झाडांखाली साचलेली सुकी पानं. मार्च लागला की शाळा असो, ग्रामसभा असो की देवळासमोरचं मांडाचं अंगण असो, हा गृहस्थ उभा राहून तीच पोथी वाचायचा: काजूची बाग साफ करताना पातेऱ्याला काडी लावू नका. लोक माना डोलवायचे आणि दुसऱ्याच दिवशी काडी लावायचे. मग बंब घेऊन हाच जायचा, आग विझवता विझवता बागवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. सत्तावीस वर्षं त्याच्या तोंडाचा पट्टा असाच चालला होता, आणि खरं सांगायचं तर त्याला त्याची थोडी मस्तीही होती.

गेल्या मे महिन्यात हरमलच्या किनाऱ्यावरच्या एका शॅकमध्ये सिलिंडर फुटला आणि जयरामचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. त्याची बायको सुमंगला इस्पितळात आठ दिवस उशाशी बसून होती. तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. घरी आल्यावर मात्र ती सरळ गावामागच्या डोंगरावर गेली आणि राखणदाराच्या, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाच्या, दगडापुढे नवस बोलून आली. ज्या रविवारी किंवा बुधवारी नवऱ्याची ड्युटी असेल, त्या दिवशी भर बाराला राखणदाराला रोट, विडी आणि करवंटीत जळता काकडा ठेवायचा. ज्याची राखण हवी त्याच्याच अंगावरच्या जुन्या कपड्याचा पीळ देऊन तेलात भिजवलेला तो काकडा. जयराम हसला होता. "माका सरकारान हेल्मेट दिलाहा," म्हणाला होता. पण आपल्यासाठी कोणी उन्हात डोंगर चढतंय हे त्याला मनातून आवडत होतं. काकडा कुठे ठेवते, कसा ठेवते, हे बघायला तो एकदाही गेला नाही. पावसाळा होता, सगळं ओलं होतं, काही झालं नाही.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्याच डोंगराला आग लागली. राखणदाराच्या दगडाखालचा उतार जळला, वरच्या अंगाचा पातेरा वाचला. आग विझल्यावर जयराम काळ्या पडलेल्या उतारावर कारण शोधत फिरत होता, तेव्हा राखणदाराच्या दगडाशी त्याच्या बुटाला काहीतरी लागलं. फुटकी करवंटी होती. तिच्यात अर्धवट जळलेला कापडाचा पीळ, आणि त्या पिळाला पितळी बटण. त्याच्याच खाकी वर्दीच्या जुन्या शर्टाचं. दिवाळीत त्याने तो फडक्याला म्हणून सुमंगलाला दिला होता.

त्याने पीळ खिशात टाकला. मागून बंबाचा ड्रायव्हर रुद्रेश आला. "जयरामबाब, कारण काय लिवया?"

"अज्ञात," जयराम म्हणाला.

सत्तावीस वर्षांत त्या रकान्यात त्याने हा शब्द कधी लिहू दिला नव्हता. रुद्रेशने त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि लिहिला.

सोमवारी घरी गेल्यावर सगळं सांगून टाकायचं असं त्याने ठरवलं होतं. पण डोंगर कोणा बागवाल्यानेच पेटवला असं सुमंगला धरून चालली होती. ती त्याच्या हाताला खोबरेल लावत बसली, आणि तो धडधाकट घरी आला म्हणून तिचा चेहरा इतका निवांत होता, की सांगणं त्याच्या जिवावर आलं. उद्या सांगू, असं तो मनाशी म्हणाला. मंगळवारी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत भंगाराचा ढीग पेटला, त्याला दुपारीच बोलावणं आलं, आणि तिथून तो थेट बुधवारच्या पाळीवर उभा राहिला.

साडेअकराला त्याने घरी फोन लावला. फोन वाजत राहिला. मग त्याने शेजारच्या शेवंतीकाकीला लावला.

"सुमंगल?" काकी म्हणाली. "ती आत्ताच डोंगराक गेली, रोट घेवन. पायवाटेर दिसताहा बघ. हाक मारू?"

वारा सकाळपासून पडला नव्हता. बंबाच्या शेडवरचा पत्रा खडखडत होता. 'काकडो लावू नको,' एवढेच तीन शब्द सांगायचे होते. पण काकीला सांगितलं म्हणजे संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळणार, रविवारी डोंगर कोणामुळे जळला ते. पातेऱ्याच्या भटाच्या घरातूनच!

"नको," तो म्हणाला. "असोच फोन केलंय."

असा राग येतो त्याचा, सांगून सोय नाही. नंतरची चाळीस मिनिटं तो घंटेखाली उभा होता. बाकीचे जेवायला बसले, तो जागचा हलला नाही. बारा वाजून अकरा मिनिटांनी घंटा झाली, तेव्हा गावाचं नाव सांगायच्या आधीच तो बंबात चढला होता.

डांबरी रस्ता संपतो तिथे बंब थांबला. पुढे पायवाट. माणसं नेहमीसारखी हिरव्या फांद्यांचे टाळे तोडून आगीवर झोडपायला धावली. जयराम मात्र कुणाकडेही न बघता सरळ वर गेला.

सुमंगला राखणदाराच्या दगडाशी बसलेली सापडली. तिला पळता आलं असतं, खाली वाट मोकळी होती. पण ती पदराने आग झोडपत राहिली होती, आणि पदर पेटल्यावर हातांनी. तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"तुमका लागला नाय मा खंय?" तिने विचारलं.

त्याने तिला उचललं आणि खाली आणलं. रुग्णवाहिकेत झोपवलं तेव्हा तिची शुद्ध येत-जात होती. एकदम तिने डोळे उघडले.

"आज तुमची ड्युटी," ती म्हणाली. "काकडो इजलो ओ. कोणाक तरी परत लावूक सांगा."

रुद्रेश दाराशी उभा होता. त्याच्या हातात अहवालाचा कागद होता आणि कारणाचा रकाना कोरा होता.

"लावलंय," जयराम तिला म्हणाला.

तिने समाधानाने डोळे मिटले. जयरामने खिशातून बटणासकट तो रविवारचा पीळ काढला आणि रुद्रेशच्या कागदावर ठेवला.

"लिव," तो म्हणाला. "मीच लावलंय."