शकूला औषध कोणी लावलं?

आधीच सांगून टाकते – असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी ऑस्ट्रेलियात, डार्विन शहरातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. नमुना, रिपोर्ट, सही, विषय संपला. आमच्या ठाण्याच्या घरी कधी कोणाची दृष्टसुद्धा काढली नाही. तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा. फक्त 'सापाला घाबरली असेल' असं म्हणू नका. मी शकूला कधीच घाबरले नाही. मी तिच्यावर जळायचे.

शकू म्हणजे माझ्या नवऱ्याची, निनादची, पाच फुटी कार्पेट पायथन – इकडचा बिनविषारी अजगर. रीतसर लायसन्स काढून पाळलेली. डार्विनमध्येच नाइटक्लिफला दुसऱ्या मजल्यावर आमचं युनिट, म्हणजे फ्लॅट, आहे, आणि हॉलमध्ये सोफ्याला लागून तिचा काचेचा टँक. निनाद समुद्रातल्या गॅस प्लॅटफॉर्मवर इंजिनिअर आहे – तीन आठवडे तिकडे, तीन आठवडे घरी. म्हणजे घरी शकूकडे.

गेल्या पावसाळ्यात – इकडे तो नोव्हेंबर ते एप्रिल असतो – तिच्या पोटाच्या खवल्यांवर तपकिरी डाग पडले, मग फोड आले. व्हेट, म्हणजे जनावरांची डॉक्टर, म्हणाली, टँकमध्ये ओल फार राहिली, त्यातून इन्फेक्शन झालंय. रोज पंधरा मिनिटं तिला आयोडीन घातलेल्या कोमट पाण्यात ठेवायचं – पाणी पातळ कोऱ्या चहाच्या रंगाचं हवं. मग पुसून कोरडं करायचं, फोडांवर पांढरं मलम लावायचं आणि टँकमध्ये नवा कोरडा कागद घालायचा.

निनादने हे काय मन लावून केलं! पाणी कोपराने तपासायचा. एकेक खवला कापसाने टिपायचा. "दुखलं का गं माझ्या सोनीला?" – हे सापाला! सॅनिटायझरने माझ्या बोटांची सालं निघत होती तेव्हा मला काय म्हणाला? "मॉइश्चरायझर लाव ना." तेही टीव्हीवरची नजर न काढता. आठ वर्षांच्या संसारात मला एकदाही 'सोनी' म्हणालेला नाही हा माणूस.

कागद घालायचीही त्याची खास पद्धत. शाळेत वह्यांना खाकी कव्हर घालायचो ना, तशा चारी कोपऱ्यांना नेमक्या घड्या घालून कड आत खोचायचा. लहानपणी अर्ध्या वर्गाच्या वह्यांना तोच कव्हरं घालून द्यायचा म्हणे. मला ते कधीच जमलं नाही. माझा कागद आपला नुसता पसरलेला.

फेब्रुवारीत तो ड्युटीवर निघाला. जाताना फ्रिजवर तक्ता चिकटवला – वर 'श्री', खाली तारखा, औषध लावून झालं की टिक करायची. "केतू, एक दिवस जरी चुकला ना, तर पसरेल हं. प्लीज." दारापर्यंत गेला आणि परत वळला. मला वाटलं, मला जवळ घेतोय... तो टँकपाशी गेला.

चार दिवस मी रबरी हातमोजे घालून सगळं इमानेइतबारे केलं. शुक्रवारी लॅबमधली माझी नोकरी पर्मनंट झाली. दोन वर्षं वाट बघत होते मी. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"मलम नीट लावलंस ना?"

"निनाद, मी पर्मनंट झाले!"

"अरे वा, मस्त! आणि तो शेपटीजवळचा फोड कसा आहे?"

माझं डोकंच फिरलं. फोन ठेवला आणि टँकवर एक जुनी चादर टाकून दिली. शनिवार, रविवार, सोमवार... काहीही केलं नाही. तक्त्यावर मात्र तीन टिका ठोकून दिल्या. जाऊ दे मरू दे, असंही मनात आलं. खोटं कशाला बोलू?

मंगळवारी दुपारी चारला कामावरून आले तेव्हा मात्र राहवलं नाही. मुका जीव, त्याचा काय दोष? चादर काढली.

आत कोरा कागद होता. चारी कोपरे दुमडून, कड नीट आत खोचलेली. शकूच्या पोटावर पांढरं मलम चमकत होतं आणि फोड सुकायला लागले होते. बाथरूममध्ये तिचा टब पालथा घातलेला – ओला.

टँकला कुलूप असतं आणि त्याची चावी माझ्या ओळखपत्राच्या दोरीला होती. युनिटची दुसरी चावी निनादबरोबर समुद्रात. मीच झोपेत केलं असेल म्हणावं, तर माझे हातमोजे शुक्रवारी टाकले होते तसेच पडलेले. आणि ती घडी मला जागेपणीसुद्धा जमत नाही!

बुधवारी मी लॅबची अक्कल वापरली. टँकच्या झाकणावर चिकटपट्टी लावली, तिच्यावर सही केली, वेळ लिहिली आणि कामावर गेले. परत आले तर पट्टी जशीच्या तशी. आत पुन्हा नवा कागद, ताजं मलम. टबमध्ये चहाच्या रंगाचं पाणी होतं. हात घालून बघितला – कोमट होतं.

संध्याकाळी मी निनादला व्हिडिओ कॉल केला. त्याची दोन बोटं तपकिरी दिसत होती.

"हे काय लागलंय?"

"काही कळत नाही गं. ग्रीस नाहीये, साबणानेही जात नाही. शनिवारपासून आहे." मग जरा ओशाळून म्हणाला, "हसू नकोस हं. नाइट शिफ्ट आहे ना, दुपारी झोपतो. रोज स्वप्नात मी घरी येऊन शकूला औषध लावतोय. इतकं खरं वाटतं! रूममेट म्हणतो, मेट, तू झोपेत सारखं काहीतरी पुसत असतोस."

तेव्हाच त्याला सगळं सांगायला हवं होतं. पण विचारलं काय, तर – "मी असते का रे त्यात?"

त्याने खरंच आठवून बघितलं. "नाही गं. तू कामावर असशील."

"रविवारीसुद्धा?"

"रविवारी पण हॉल रिकामाच होता. सोफ्यावर कोणी नव्हतं."

रविवारी दुपारभर मी त्याच सोफ्यावर होते. टँकपासून हातभर अंतरावर. रडून रडून तिथेच माझा डोळा लागला होता.

गुरुवारपासून औषध मी लावलं, एक दिवसही न चुकवता. शकूच्या काळजीने नाही. त्याने पुन्हा तिच्यासाठी येऊ नये म्हणून. त्यानंतर त्याला ते स्वप्न पडलं नाही. शकू बरी झाली, तिची कातही अखंड उतरली. निनाद घरी आल्यावर सगळ्या मित्रांना सांगत सुटला, "केतकीने काय सेवा केली!" आजतागायत त्याला काही सांगितलेलं नाही.

कुलूप, कोमट पाणी, बोटांवरचे डाग... माझ्याकडे कशाचंच स्पष्टीकरण नाही. तुमच्यातले जाणकार काहीतरी सांगतीलही. पण तो आला कसा, हे मला नकोच आहे. एवढा समुद्र ओलांडून रोज घरी आलेल्या माणसाला सोफ्यावर झोपलेली बायको कशी दिसली नाही, तेवढं कोणाला माहीत असेल तर सांगा.