मीठ वर्ज्य

खरं बोलणाऱ्या बाईला तुम्ही कधी चार माणसांदेखत खोटं पाडलंय? मी पाडलंय.

वडिलांच्या चळवळीची पत्रकं घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. छापलेल्या शब्दाने माणूस बदलतो, यावर माझा पक्का विश्वास होता. तो विश्वास घेऊनच मी नागपुरातल्या एका दवाखान्यात दर शुक्रवारी जाऊ लागले. हृदय कमजोर झालेले रोगी तिथे येत. हृदयाचा जोर कमी पडला की अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, आडवं झालं की दम लागतो. गोळी कधी घ्यायची, नडगी दाबून सूज कशी बघायची, रोज वजन का करायचं, हे समजावायला डॉक्टरांना वेळ नसे. ते काम मी मागून घेतलं आणि एक सायक्लोस्टाइल पत्रक काढलं. पहिली ओळ ठळक होती: ‘मीठ वर्ज्य.’ वर्ज्य या शब्दातली जरब मला आवडायची.

सक्करदऱ्याहून एक काका-काकू येत. काका शाळेतून निवृत्त झालेले चपराशी. घरी वजनकाटा कुठून असणार? ते रोज सकाळी लाकडाच्या टालावर, म्हणजे वखारीत, जाऊन काट्यावर उभे राहत आणि आकडा कागदावर लिहून आणत.

“टालवाला म्हणते, काका, तुमाले जळाऊत तोलू का इमारतीत?” ते मला सांगत.

“जळाऊतच तोल म्हणा,” काकू म्हणायच्या. “दिवसभर भडकूनच तं राहतात.”

एका शुक्रवारी त्यांचा कागद पाहिला. चार दिवसांत वजन दोन किलो वाढलेलं. पावलं चपलेत मावत नव्हती. दोन वाक्यं बोलायला काकांना मध्ये थांबावं लागत होतं. गोळ्या मोजल्या, त्या बरोबर होत्या.

“काकू, जेवणात मीठ घालताय तुम्ही.”

“नाही वं पोरी. मीठ बंदच आहे.”

“मग हे पाणी कुठून आलं?”

“मले काय मालूम? तू सांगतलं तसंच करून राहिली मी.”

बाकावर आठ-दहा रोगी बसले होते. मला वाटलं, सगळ्यांना धडा मिळेल. मी आवाज चढवला. “यांना जिभेचे लाड पुरवायचेत आणि वर खोटं बोलायचंय. नवऱ्याचा जीव जाईल, तेव्हा कळेल.”

काकूंनी पदर तोंडाशी धरला. काका धापा टाकत म्हणाले, “तिले काहून बोलतेस वं बाई? ती खोटं नाही बोलत.” बाकावरच्या एका म्हाताऱ्याने मान हलवली, ती मी माझ्या बाजूने धरली.

काकांना त्या दिवशी भरती करावं लागलं. आठवड्याने पाणी उतरलं, ते घरी गेले. दोन दिवसांनी मी सकाळीच त्यांच्या घरी गेले. भेटायला नव्हे, चोरी पकडायला. काकूंनी मला चुलीजवळच पाट दिला. वरण उकळत होतं. त्यांनी डब्यातून गुलबट खडा काढला, खलबत्त्यात कुटला आणि वरणात टाकला.

“हे काय?”

“शेंदेलोण.”

“म्हणजे मीठच ना?”

“मीठ कसं? हे उपासाले चालते.” त्यांनी देवाच्या फळीवरून माझं पत्रक काढलं आणि अक्षर लावत वाचलं, “मीठ वर्ज्य. उपासाले मीठ वर्ज्यच असते. तवा आमी शेंदेलोण घालतो. थे तं शुद्ध. चार पैसे जास्त लागतात, पण याईच्यासाठी आणून राहिली.”

तो शब्द माझा होता. त्यांच्या घरात त्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा अर्थ होता आणि त्या अर्थाने त्यांनी माझी आज्ञा तंतोतंत पाळली होती. मी कधी त्यांना विचारलंच नव्हतं की मिठाऐवजी काय घालता.

तिथे मी त्यांना समजावलं की हृदयाला दोन्ही मिठं सारखीच. त्यांचा हात थांबला. “म्हणजे मीच याईले दवाखान्यात पाठवलं?” त्या म्हणाल्या. नाही, मी पाठवलं, हे वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. मी बिनमिठाच्या पोळीबद्दल, मिठाऐवजी लिंबू पिळण्याबद्दल, काहीतरी बोलत राहिले.

पुढच्या शुक्रवारी नवं पत्रक वाटलं. त्यात शेंदेलोण, पापड, लोणचं, सगळं नावानिशी होतं. बाकावर तेच लोक होते. काकूंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, “हे चांगलं लिवलं वं.” तेव्हाही मी सर्वांदेखत सांगू शकले असते की त्या दिवशी चूक यांची नव्हती. मी पुढच्या रोग्याकडे वळले. काका पुढल्या उन्हाळ्यात गेले. बाकावरच्या लोकांच्या मनात काकू आजही खोटारड्या असतील.

म्हणून एक मागणं आहे. रोग्याला द्यायचा कुठलाही कागद तुमच्या हाती असेल, तर तो आधी त्याच्या घरी स्वयंपाक करणाऱ्याला वाचून दाखवा. मग विचारा, “आता उद्याचं वरण कसं करशील?” आणि त्याचं सांगून होईपर्यंत तोंड उघडू नका.