केपा काढायची पक्कड

मला घाणीची किळस आहे, हे कोणाला खरं वाटत नाही. माझी सगळी उमर लेथ मशीनवर गेली. नखांत ग्रीस, कपड्यांना कटिंग ऑइलचा वास. पण ग्रीसची मला कधी किळस वाटली नाही, ते कामाचं असतं. शिसारी येते ती उष्टे हात कामाला लावणाऱ्या माणसाची आणि वरून ‘चलता है’ म्हणणाऱ्या तोंडाची. मस्कतमधल्या आमच्या वर्कशॉपचा फोरमन तसा होता. पुण्याकडचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, बोलायला गोड. मी त्याला साहेब म्हणायचो, तो मला मिस्त्री.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आमच्या अर्बाबचे, म्हणजे मालकाचे, काका वर्कशॉपमध्ये आले. सत्तरी ओलांडलेला ताठ म्हातारा, आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणायचो. डोंगरातल्या गावचा, पण आता मस्कतमध्येच अल हैलला मुलाकडे राहणारा. काखेत ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी होतं. टेबलावर सोडलं तर ठासणीची बंदूक.

त्यांच्या गावाकडे लग्नात आणि ईदला पुरुष रांगा करून नाचतात, आणि मधेमधे बार काढतात. नळीत नुसती दारू आणि कागदाचा बोळा, छर्रा नाही. बहुतेकांच्या बंदुका वातीच्या असतात, बाबांची मात्र केपांची होती. केप म्हणजे शर्टाच्या बटणाहून लहान तांब्याची टोपी. आत स्फोटकाचा ठिपका. ती नळीच्या मागच्या बारीक बोंडावर बसवायची, घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी आत जाते आणि बार होतो.

मला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या गावी, सिंधुदुर्गात, वडिलांकडे रानडुकरं हाकलायला परवान्याची अशीच बंदूक होती. केप सैल वाटली की ते ती दातांत धरून चेपायचे आणि काळपट थुंकी पचकन अंगणात टाकायचे. आई ओरडायची. मी लहान होतो, पण ती थुंकी ओलांडून जायला नको म्हणून घराला वळसा घालून जायचो.

बाबांची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती. केप चिमटीत धरता येत नव्हती, चार खाली पडायच्या तेव्हा एक बसायची. उडालेली केप फाटून बोंडाला चिकटली की तीही निघत नव्हती. “मग काढता कशी?” मी हिंदीत विचारलं. त्यांनी खिशातून नेलकटर काढला. त्याच्या जबड्यात काळी काजळी, हिरवा गंज आणि त्यात अडकलेले नखांचे पिवळे तुकडे. मी बघत असतानाच त्यांनी त्याच नेलकटरने अंगठ्याचं नख काढलं आणि आमच्या टेबलावर टाकलं. मी ते फडक्याने उचलून कचऱ्यात टाकलं. फोरमन हसला.

बाबांना दोन हत्यारं हवी होती. एक केप बसवायला, एक काढायला.

“दो मिनिट का काम, बाबा,” फोरमन म्हणाला.

मी त्याला बाजूला घेतलं. “साहेब, पितळेचं करू या. लोखंड नको. एखादी केप उडालेली नसली आणि तिला लोखंडी जबड्यात दाबून ओढली, तर हातातच उडेल.”

“अहो मिस्त्री, पितळ शोधत कोण बसणार? शेडमध्ये जुनी पक्कड पडलीय, तिची तोंडं घासू. म्हाताऱ्याचा खेळ तो.”

चिप्स चुरून गुंडाळलेला पराठा त्याच्या डाव्या हातात होता. एक घास खायचा, पक्कड ग्राइंडरला लावायची, परत घास. चुरा आणि लोखंडाचा कीस त्याच्या मिशीत एकत्र झाला होता. जबडे वेडेवाकडे घासले गेले, एका कडेला सुरीसारखी धार राहिली. दांड्यावर जुनी, घामाने काळी पडलेली टेप होती, तिच्यावरच त्याने नवीन टेप चढवली. केप बसवायला बॉलपेनची नळी कापून दिली. वीस मिनिटांत बाबांच्या हातात सगळं ठेवून “खलास!” म्हणाला.

ती धार मी पाहिली होती. माझ्या हातात कानस होती. दोन पावलं पुढे होऊन पक्कड मागून घेता आली असती. पण लेकीच्या साखरपुड्यासाठी मागितलेल्या रजेचा अर्ज फोरमनच्या टेबलावर पडून होता, सही व्हायची होती. मी कानस जागेवर ठेवली आणि मशीन सुरू केलं.

आठ-दहा दिवसांनी अर्बाब आला तो सलाम न करता. एका नातेवाइकाकडे बार काढताना बाबांची केप उडाली नव्हती. ती त्यांनी पकडीने पिळून ओढली आणि ती तिथेच फुटली. अंगठ्याचं मांस फाटलं. तांब्याचा एक तुकडा डोळ्याखाली घुसला. तो डॉक्टरांनी काढला, डोळा वाचला, पण थोडक्यात.

“वो पक्कड किसने बनाया?” अर्बाबने विचारलं.

फोरमनने क्षणभरही विचार केला नाही. “मिस्त्रीने बनाया. मैंने तो बोला था, पितल का बनाओ, लोहा नहीं.”

आणि हे बोलताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. जणू मला सांभाळून घेतोय. हात पराठ्याच्या तेलाने चिकट होता, शर्टातून ओल कातडीला लागत होती. माझंच वाक्य त्याच्या तोंडातून निघालं होतं, थुंकीने ओलं होऊन. अर्बाब माझ्याकडे बघत उभा राहिला, मी काही बोलतो का याची वाट बघत. मी जमिनीकडे पाहिलं. तो निघून गेला.

त्या दिवशी अझैबातल्या खोलीवर जाऊन मी दोनदा आंघोळ केली. शर्ट साबणात बुडवून ठेवला, मग पिळला आणि सरळ कचऱ्यात टाकला. खांदा घासून लाल केला. पण फोरमनची किळस धुऊन झाल्यावरही खाली काहीतरी उरलंच होतं, आणि ते माझं होतं.

शुक्रवारी सकाळी गावाहून बायकोचा व्हिडिओ कॉल आला. तोंड बघूनच तिने ओळखलं. मी सगळं सांगितलं.

“आणि तुमी गप रवलात?” ती म्हणाली.

“रजेचो अर्ज त्येच्याकडे आसा.”

तिने पदराने हात पुसले. मग म्हणाली, “असली रजा घेवन येव नकात. चेडवाक मी सांगतलंय, बापाशीक सुट्टी गावूक नाय म्हणान.” लेकीला काय सांगायचं तेही ठरवून तिने फोन ठेवला.

मी टॅक्सी करून अल हैलला गेलो.

बाबा बैठकीच्या खोलीत गादीवर बसले होते. डोळ्याखाली जांभळी सूज, अंगठ्याला बँडेज. त्या घरात आलेल्या माणसाला आधी कॉफी देतात. मुलगा कॉफीचं भांडं घेऊन माझ्याकडे वळला, तसा बाबांनी हात वर केला. मुलगा थांबला. बाबांनी उशीजवळचा टिश्यूचा डबा ओढला आणि आतून पक्कड काढली. धारेवर रक्त सुकून तपकिरी झालं होतं, त्याला कापसाचा तंतू चिकटला होता.

“ये तुम बनाया?”

“नहीं, बाबा. मैंने नहीं बनाया.” मग फोरमनने काय केलं ते सांगितलं. एवढं सांगून थांबता आलं असतं. “लेकिन मैंने देखा था.”

“देखा था?”

“हां.”

“मालूम था, ये खराब है?”

“मालूम था.”

त्यांनी पक्कड परत डब्यात टाकली. एका डोळ्यातून पाणी गळत होतं, ते जखमेचं होतं. मग त्यांनी मुलाकडून फोन घेतला, पुतण्याला लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन माझ्यासमोर धरला. “बोलो. फिर से बोलो.”

मी पुन्हा सगळं सांगितलं. पलीकडून अर्बाबने एवढंच विचारलं, “उस दिन क्यों नहीं बोला?”

“डर गया था.”

फोन बंद झाला. बाबांनी मुलाला खूण केली. त्याने कॉफी ओतली. मी कप घेतला आणि एका घोटात संपवला.

“अब तुम बनाओ,” बाबा म्हणाले.

बंदूक मी वर्कशॉपवर मागवून घेतली. आधी साफ करायला हवी होती. नळीत कधीकाळी मेंढीच्या शेपटीची चरबी चोळलेली, ती कुजून काजळीत मिसळली होती. गरम पाणी ओतलं तसा तो काळा गाळ फसफसत बाहेर आला आणि सडलेल्या अंड्यांचा असा भपकारा उठला की मी धावत शेडमागे गेलो आणि सकाळचं सगळं ओकलो. परत येऊन पुन्हा पाणी ओतलं. चार वेळा. शेवटच्या खेपेला पाणी स्वच्छ निघालं.

मग जुन्या व्हॉल्व्हचा पितळी दांडा शोधला. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत काम केलं. बसवायला वीतभर लांबीची चपटी पट्टी, मधे खोबण. त्यात केपा एकामागे एक रांगेत बसतात, तोंडाशी पातळ स्प्रिंग एकीला धरून ठेवते. पट्टी बोंडावर टेकवून दाबायची आणि बाजूला सरकवायची, केप जागेवर. चिमटी लागत नाही, आख्ख्या मुठीत धरता येते. काढायला लांब दांड्याचा काटा, टोकाला खाच. खाच केपेच्या काठाखाली सरकवायची आणि उचलायची. हाताच्या पुढे पितळेची छोटी ढाल. सगळ्या कडा मी गालावर फिरवून पाहिल्या.

बाबांना हिंदीत बजावलं, “काटा फक्त उडालेल्या केपेसाठी. नाही उडाली तर नळी मोकळ्या जागेकडे धरून थांबायचं. पुन्हा एकदा घोडा टाकायचा. तरी नाही उडाली तर केप पाण्याने चिंब भिजवायची आणि मला फोन करायचा. ओढायची नाही.” त्यांनी ते माझ्याच आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं.

फोरमनला काढलं नाही. अर्बाबने त्याला आत बोलावलं, दार लावलं, आणि तो बाहेर आला तेव्हा माझ्या अर्जावर अर्बाबची स्वतःची सही होती. एवढंच. दुसऱ्या दिवशी फोरमन घरून आलेले बेसनलाडू घेऊन माझ्या मशीनपाशी आला. “मिस्त्री, मनावर घेऊ नका. कामात होतं असं. माझ्याही पोटापाण्याचा प्रश्न होता.”

डबा त्याने उघडा धरला होता, अंगठा लाडवात रुतलेला. मी म्हटलं, “मला नको.” तेव्हापासून मी त्याच्याबरोबर जेवलो नाही.

साखरपुड्याहून परत आलो आणि काही दिवसांतच बाबांच्या नातवाचं लग्न होतं. आम्हा सगळ्यांना गावी बोलावलं होतं. दुपारी डोंगराच्या पायथ्याशी पुरुष रांगेने उभे राहिले, ढोल वाजू लागले. बाबांनी पट्टीने केप बसवली, बार काढला, काट्याने एका झटक्यात फाटकी केप उडवली आणि पुन्हा बसवली. वाकडा अंगठा आता आणखी वाकडा दिसत होता. फोरमन मोबाइल घेऊन पुढेच. व्हिडिओ काढता काढता लोकांना सांगत होता, “ये हमारे वर्कशॉप का डिझाइन है.” मग माझ्याकडे येऊन कानात म्हणाला, “मिस्त्री, अशा पन्नास काढू या. पाहिजेत लोकांना.”

“माझ्या हातून नाही,” मी म्हणालो.

“का?”

“तुमच्याबरोबर नाही, साहेब.”

आयुष्यात पहिल्यांदाच मी वरच्या माणसाला असं बोललो. तो हसायला गेला, पण ते त्याला जमलं नाही. तो गर्दीत सरकला.

नाच संपल्यावर बाबा घामाघूम होऊन माझ्याकडे आले. मनगटापर्यंत हात काजळीने काळे, कुजक्या अंड्यांचा तोच वास. समोरच्या ताटातला हलवा त्यांनी त्याच बोटांनी उचलला. तुपकट तपकिरी गोळ्यावर काजळीचे ठसे उमटले. त्यांनी तो माझ्या तोंडाशी धरला.

मी त्या बोटांकडे पाहिलं. मग तोंड उघडलं आणि खाल्ला. दातांखाली कचकच लागली. न चावता गिळला.

“अच्छा?” बाबांनी विचारलं.

“अच्छा है, बाबा,” मी म्हणालो, आणि पाणी कुठे ठेवलंय ते शोधायला गेलो.