न वाळणारे कपडे

लॉन्ड्रीवाल्या मावशीचा एक हट्ट होता. ओला कपडा तिच्या दुकानातून बाहेर पडायचा नाही. शर्ट काखेत जरासा दमट लागला तरी पुन्हा दोरीवर जायचा. गिऱ्हाईक दारात उभं राहून कितीही तणतणो, मावशी आपली ढिम्म. "एवढी घाई असेल तर उघडे जा," असं ती तोंडावर सांगायची. लोक बोटं मोडत निघून जायचे आणि पुढच्या खेपेला निमूट बोचकं घेऊन यायचे, कारण तिच्यासारखी इस्त्री दुसऱ्या कुणाला जमत नव्हती. हाच हट्ट पुढे तिच्या मुळावर आला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

घरात ती आणि तिची भाची, दोघीच. बहीण बाळंतपणात गेली आणि तान्ही पोर मावशीच्या ओटीत आली. पोर बोलायला कमी, पण कामाला वाघ. सोळावं लागलं आणि तिने वाळत घातलेले काही कपडे वाळेनासे झाले.

पहिल्यांदा झालं ते एका म्हाताऱ्या मास्तरांच्या बनियनच्या बाबतीत. मागच्या अंगणात रणरणतं ऊन, बाकीचे कपडे पापडासारखे कडक, आणि हे एक बनियन आपलं ठिबकतंय. "पिळायला हात दुखतात का गं तुझे?" म्हणत मावशीने ते स्वतः पिळलं आणि भट्टीजवळ टांगलं. सकाळी पाहते तर तसंच ओलं.

"मावशी, ते जाणार आहेत," पोर हळूच म्हणाली.

"कोण? कुठे?"

पोर पुढचा कपडा झटकायला लागली. मास्तर गेले तेव्हा बनियन अजून दोरीवरच होतं. त्यानंतर मात्र ते आपोआप वाळलं.

पुन्हा एकदा तसंच झालं, मग आणखी एकदा, तेव्हा कुठे मावशीच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तिची पाचावर धारण बसली. पोर कुणाचा जीव घेत नव्हती. तिच्या हाताला फक्त आधी कळत होतं. पण हे गावाला कोण समजावणार? त्या गावात अशा बाईला चेटकीण म्हणत आणि टेकडीमागच्या जुन्या खाणीत उतरवून वरचा दोर काढून घेत. तिथून परत आलेली बाई कुणी पाहिली नव्हती.

"तोंडाला कुलूप लाव," मावशीने पोरीला बजावलं. "कुणाला एक अक्षर सांगायचं नाही."

पोरीने तोंड उघडलं नाही. घोळ केला तो मावशीनेच. ते ओले कपडे तसेच घड्या घालून पाठवून दिले असते तर चार शिव्या खाऊन विषय संपला असता. पण नाही. जन्मभराची सवय. बाकीचं बोचकं ती बांधून द्यायची आणि तो एक कपडा ठेवून घ्यायची, "वाळला की देते" म्हणून. बाई एरवी इतकी धूर्त, पण इथे तिची अक्कल कुठे चरायला गेली होती, देव जाणे. लोकांना काय, एवढं पुरेसं होतं. ज्याचा कपडा लॉन्ड्रीत अडतो तो माणूस जातो. मग 'अडतो'चं 'पोरगी अडवते' झालं, आणि 'जातो'चं 'पोरगी मारते' झालं.

गिऱ्हाइकं आटली. खिडकीची काच फुटली. दुकानाच्या दारावर कुणीतरी कोळशाने 'चेटकीण' लिहिलं. पोरीने ते स्वतःच ब्रश घेऊन घासून काढलं.

"मी सांगू का त्यांना, की मी काही करत नाही म्हणून?"

"अगं, असं सांगितल्यावर कधी कुणी ऐकलंय का?" मावशी म्हणाली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, बराचसा स्वतःचाच.

बेकरीवाल्याची बायको गेली त्या दिवशी तिचा झगा मावशीच्या दोरीवर होता. रडून रडून डोळे सुजलेला तो माणूस थेट चेटकिणी हुडकणाऱ्या तपासनिसाकडे गेला.

तपासनीस दुकानात आला तो मागे अर्धं गाव घेऊन. इस्त्रीच्या टेबलावर त्याने दवाखान्यातून आणलेले न धुतलेले शर्ट पसरले. "यातला एक माणूस आजउद्याचा सोबती आहे. पोरीने हात लावून ओळखायचा."

मावशीने शर्टांवरून नजर फिरवली. पोरीने त्या कपड्यांवर हात ठेवला असता तर तिचा चेहराच बोलला असता.

"तिला काय विचारता? हे सगळं माझं आहे," मावशी म्हणाली आणि पुढे झाली.

तिने डोळे फिरवले, जरा घुमल्यासारखं केलं, आणि एक शर्ट उचलून तपासनिसाच्या अंगावर फेकला. त्यात जादूबिदू काही नव्हती. शर्टाची पाठ चुरगळून पिवळी पडली होती, मनगटं मात्र कोरी. कित्येक दिवस अंथरुणातून न उठलेल्या माणसाचा शर्ट, कुठल्याही धोबिणीने ओळखला असता. पण जमावात एकही धोबीण नव्हती. सगळे दोन पावलं मागे सरले.

तपासनीस पोरीकडे वळला. नियम असा होता की एकदा चेटकीण सापडली की घरातल्या बाकीच्यांना तपासत नसत. ती चेटकीण आहे एवढंच त्यांनी सगळ्यांसमोर कबूल करायचं. नाही म्हटलं तर त्यांचीही रवानगी खाणीत.

"ही चेटकीण आहे. तुला माहीत होतं?"

"ती नाही," पोर म्हणाली. "मी..."

मावशीने तिच्या कानाखाली जाळ काढला. आजवर तिने पोरीवर कधी हात उगारला नव्हता.

"माझ्या जिवावर वाढलीस आणि आता माझी विद्यापण स्वतःच्या नावावर खपवतेस?" ती ओरडली. "साधं बटण लावता येत नाही हिला, म्हणे चेटकीण!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. पोर गालावर हात ठेवून मावशीकडे बघत राहिली. मावशीही तिच्याकडे बघत राहिली. बोल गं बाई, लवकर बोल.

"हो," पोर म्हणाली. "मावशीच आहे. मला माहीत होतं." मग जरा थांबून म्हणाली, "मला लहानपणापासून तिची भीती वाटते."

हे शेवटचं कुणी विचारलं नव्हतं. पण तपासनिसाची त्यानेच खात्री पटली. त्याने मान डोलावली आणि माणसांना खूण केली.

मावशीला हायसं वाटलं. टेकडीच्या वाटेवर ती स्वतःला सांगत राहिली की पोर खोटं बोलायला शिकली, आता जगेल. मागच्या माणसाने तिला दोनदा ढकललं, तेही तिला कळलं नाही. ते शेवटचं वाक्य खोटंच होतं ना, एवढं एक तिला पोरीला विचारायचं होतं.