पोपटी कोट

आमच्यात तो चित्रपट पाहिलेला मी एकटाच होतो, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

नव्वदीच्या मधली वर्षं. नेरूळच्या आमच्या सोसायटीत केबल नुकती आली होती. कॉलेज वाशीला. कॉलेजजवळच्या एका दुकानात झेरॉक्सच्या मशीनमागे परदेशी कॉमिक्सची दोन कपाटं होती, ती वाचायला भाड्याने मिळत. आम्ही तिघं तिथली कायमची गिऱ्हाइकं. एक मी, दुसरा सारसोळ्याच्या कोळ्यांचा मुलगा, आणि तिसरा तुर्भ्याला राहणारा माझा मित्र. मित्राचे वडील साताऱ्याकडचे, तिथल्या कांदा-बटाट्याच्या मार्केटात पाठीवर पोती वाहायचे. मित्र चित्रं काढायचा. तशी आम्ही तिघंही काढायचो, पण त्याची माणसं पानावर पाय रोवून उभी राहत आणि आमची माणसं चुकून तिथे आल्यासारखी दिसत.

आमचं सगळ्यात लाडकं कॉमिक एका मुखवटेवाल्या नायकाचं होतं, पण आम्ही ते वाचायचो खलनायकासाठी. हा खलनायक घड्याळं दुरुस्त करणारा एक किडकिडीत म्हातारा. अंगात झगझगीत पोपटी कोट, नारिंगी हातमोजे. असल्या रंगाचा माणूस भीतीदायक कसा वाटू शकतो, यावर आम्ही खाडीच्या कठड्यावर बसून किती संध्याकाळी घालवल्या त्याला गणती नाही.

"पोपटी कोट घालून त्यो काय हलदीला चाललाय काय?" हे कोळ्याच्या पोराचं ठरलेलं वाक्य.

मी म्हणायचो, खलनायक कसा अंधारात मिसळलेला हवा. दिसला न दिसला असा.

मित्र मान हलवायचा. "न्हाई. अंधारात लपतो त्यो चोर. ह्यो लपतच न्हाई. लांबनं समद्यांना दिसतो, तरी कुनाला काय करता येत न्हाई. आमच्या मार्केटात एक हाय. राणी कलरचा शर्ट घालतो. वरडत न्हाई, मारत न्हाई. नुसता येऊन हुबा ऱ्हातो. माझा बाप पाठीवर पोतं असताना बाजूला हुतो."

ते मला पटायचं. म्हणून मला त्याचा राग यायचा.

मग त्या कॉमिकवर चित्रपट निघाला. मुंबईत एका थिएटरला आठवडाभर लागला आणि आम्हाला कळेपर्यंत उतरलाही. मे महिन्यात आमच्या केबलवाल्याने त्याच्या दुपारच्या चॅनेलवर तो लावला. आई झोपली होती, बाबा ऑफिसला. मी एकट्याने बघितला.

इथे आमच्या टीव्हीबद्दल सांगायला हवं. आमचा टीव्ही रंगीत होता. म्हणजे तसं त्याच्या खोक्यावर लिहिलं होतं. बाबांचं म्हणणं असं की रंग वाढवला की पिक्चर ट्यूबवर लोड येतो आणि ट्यूब लवकर जाते. त्यामुळे टीव्ही आणला त्याच आठवड्यात त्यांनी रंगाची चकती जवळजवळ शून्यावर नेली आणि वर चिकटपट्टी लावून टाकली. हे खूळ एकट्या बाबांचं नव्हतं. आमच्या मजल्यावरच्या चारही घरांत थोड्याफार फरकाने हेच होतं. हॉलमध्ये नवा सोफा, त्यावर प्लास्टिक. नवा टीव्ही, त्यात रंग नाही. वस्तू आणायची आणि ती वापरली जाऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसायचं, हा आमचा कुळाचार. मला त्या फिकटपणाची इतकी सवय झाली होती की त्यात वावगं काही वाटत नसे.

तर त्या दुपारी मी जे पाहिलं ते असं: राखाडी शहर, राखाडी धूर, आणि त्यातून चालत येणारा राखाडी कोटातला म्हातारा. मी थरारलो. दिग्दर्शकाने माझंच ऐकलं होतं! तशात दुकानातल्या एका जुन्या इंग्रजी मासिकात चित्रपटाच्या 'अंधाऱ्या शैली'बद्दल दोन ओळी सापडल्या. मग काय, आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. मी कठड्यावर जाऊन जाहीर केलं की चित्रपटवाल्यांनी पोपटी रंग फेकून दिलेला आहे. कॉमिक हे पोरांसाठी असतं, पडद्यावर असले रंग चालत नाहीत.

"कोट राखाडी केला?" मित्र म्हणाला. "मग त्यो त्यो ऱ्हायलाच न्हाई की."

"तू पाहिलायस का?"

"न्हाई."

"मग?"

पुढचे दोन महिने मी याच एका वाक्यावर राज्य केलं. तो खलनायकाबद्दल काहीही बोलला, कितीही खरं बोलला, की मी विचारायचो, तू पाहिलायस का. त्याच्या घरी टीव्हीच नव्हता. आज हे लिहितानासुद्धा माझा मला संताप येतो. खरं तर ओळखायला काही अवघड नव्हतं. त्याच चित्रपटाच्या खालून एका साडीच्या दुकानाची जाहिरात सरकत होती, तिच्यातल्या साड्याही राखाडीच होत्या. पण मला जिंकायचं होतं. त्या साड्या मी पाहिल्या आणि सोडून दिल्या.

नुसता वाद असता तर एवढ्यावर भागलं असतं. पण त्याच उन्हाळ्यात मित्राने दादरच्या एका मुलांच्या मासिकाच्या कचेरीत जाऊन आपली चित्रं दाखवली होती. संपादकबाईंनी एक रंगवलेलं पान नीट न्याहाळलं आणि सांगितलं, आठ पानांची चित्रकथा करून आण, जुलैच्या मध्यापर्यंत दे, जमली तर दिवाळी अंकात रंगीत छापू. त्याने घरी सांगितलं तेव्हा त्याचे वडील म्हणाले होते, "छापून आलं तर चित्राच्या कालेजाचं बगू. न्हाय आलं तर दिवाळीनंतर टोळीत नाव लावू." टोळी म्हणजे मार्केटातल्या हमालांची टोळी. एवढं सगळं त्या आठ पानांवर होतं, आणि ते मला ठाऊक होतं.

त्याची गोष्ट मार्केटातलीच होती. कांद्याच्या गाळ्यांत काम करणारा एक पोरगा आणि राणी रंगाच्या शर्टातला तो माणूस. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याने आठही पानं पूर्ण करून प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे आणली. मी ती आमच्या प्लास्टिकच्या सोफ्यावर मांडली. पोत्यांचा तपकिरी, कांद्याचा जांभळट, आणि दर पानावर कुठेतरी तो राणी रंग. सातव्या पानावर तो माणूस गाळ्याच्या दारात नुसता उभा आहे आणि सगळी गर्दी त्याच्यापासून हातभर मागे सरलेली. ते पान बघताना मलाही नकळत मागे सरावंसं वाटलं. हे मी त्याला सांगायला हवं होतं.

मी म्हणालो, "कॅलेंडरसारखं वाटतंय रे."

त्याने सातवं पान उचलून जवळ धरलं. मग म्हणाला, "कॅलेंडर?"

"भडक. आता हे असं चालत नाही. त्या पिक्चरमध्ये बघ ना, एवढ्या मोठ्या लोकांनी कोटाचा रंग काढून टाकला. काही विचार करूनच काढला असेल ना?"

तीन दिवस तो भांडला. राणी रंग गेला तर माणूस गेला, हे त्याने मला तीन तऱ्हांनी समजावलं. दर वेळी मी तेच विचारलं. चौथ्या दिवशी तो पानं घेऊन आला, तेव्हा त्या सगळ्यांवर पातळ काळ्या रंगाचा हात फिरवलेला होता. खालचे रंग ओले होऊन त्यात मिसळले होते. सातव्या पानावर दारात कोणीतरी उभं होतं एवढंच कळत होतं. आता मागे सरावंसं वाटलं नाही. तरी मी म्हणालो, "आता सिनेमासारखं वाटतंय." तोही थोडा हसला. माझ्यावर विश्वास टाकून हसला, हे जास्त वाईट.

मुदतीच्या दिवशी दादरला बाईंनी आठही पानं शांतपणे उलटली आणि विचारलं, "अरे, मागच्या खेपेला दाखवलंस ते कुठे गेलं? रंगीत पानं मी तुझ्यासाठी राखून ठेवली होती. दिवाळीत मुलांच्या हातात ही काजळी देऊ का?" पुन्हा करून आणायला वेळ नव्हता, रंगीत पानं छपाईला चालली होती. हे त्याने मला कठड्यावर सांगितलं. मी बाईंवर तोंडसुख घेतलं. म्हातारी आहे, तिला काय कळतंय, तिने चित्रपट पाहिलाय का! तो खाडीकडे बघत होता. कोळ्याचं पोरगं पहिल्यांदाच काही चेष्टा न करता बसलं होतं.

गणपतीत आमच्या सोसायटीच्या मंडळाने रविवारी दुपारी मुलांसाठी चित्रपट ठेवायचं ठरवलं. पार्किंगमध्ये कनाती लावून अंधार करायचा, मोठा टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा. कोणता चित्रपट, असा प्रश्न आला तेव्हा मी उडी मारून कॅसेट मिळवायचं काम अंगावर घेतलं. दोघा मित्रांना आग्रहाने बोलावलं. मित्राला म्हणालो, "आता बघच तू." त्याची पानं परत आली होती तरी माझी हौस फिटली नव्हती.

सतरंजीवर पोरांच्या मागे आम्ही तिघं बसलो. शहर आलं. काळोखं होतं, पण काळोखात निळा रंग होता, खिडक्यांत पिवळा होता. मला काहीतरी टोचलं. मग धुराच्या लोटातून तो म्हातारा आला. कैरीच्या सालीसारखा कोट, नारिंगी हातमोजे. अख्ख्या काळ्या शहरात तेवढा एकच रंग, आणि रस्त्यावरचे लोक त्याला लांबूनच बघून बाजूला होत होते. पुढची पोरं ओरडली, "पोपट! पोपट!" आणि दुसऱ्याच क्षणी चिडीचूप झाली. त्याने काही केलं नव्हतं. नुसता येऊन उभा राहिला होता.

"आयला," कोळ्याचं पोरगं म्हणालं, "हा तं खराच पोपटी हाय."

मी काय करावं? मी उठलो, टीव्हीपाशी बसलेल्या माणसाकडे गेलो आणि त्याला म्हणालो, "रंग जास्त झालाय. कमी करा जरा."

तो म्हणाला, "रंग बरोबर आहे साहेब. माणसांचे चेहरे बघा ना, माणसांसारखे दिसतायत."

मी चेहरे बघितले. ते माणसांसारखे दिसत होते. मागे वळलो तर मित्र माझ्याकडे बघतच नव्हता. तो पडद्याकडे बघत होता, तोंड किंचित उघडं ठेवून. त्याने जे जे म्हटलं होतं ते सगळं तिथे चाललेलं होतं.

चित्रपट संपल्यावर मी त्याला जिन्यात गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. चकती, चिकटपट्टी, ट्यूबवरचा लोड. वर नेऊन टीव्ही दाखवतो म्हणालो. मला वाटलं तो शिव्या घालेल, आणि त्याने घालाव्यात असं मला मनापासून वाटत होतं.

तो म्हणाला, "म्हंजी तुमच्याकडं रंगीत टीव्ही हाय, आन तुमी रंग लावतच न्हाई?"

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हतं.

मग तो म्हणाला, "जाऊ दे. तू बघितलावतास, मी न्हाई, म्हनून ऐकलं. पर माझी पानं तर माझ्याच म्होरं हुती की. ती मला दिसत हुती." आणि चप्पल घालून गेला.

मी वर जाऊन चिकटपट्टी टराटरा फाडली आणि चकती शेवटपर्यंत फिरवली. बाबा धावत आले. "ट्यूब गेली तर काय तुझा बाप आणणार आहे?" असं ओरडले, आणि मग बाप आपणच आहोत हे ध्यानात येऊन गप्प झाले. त्या वयात मी त्यांच्याशी तेवढं कधीच भांडलो नव्हतो. पण माझ्या एका मित्राचं वाटोळं झालं आणि ते मी केलं, एवढं वाक्य माझ्या तोंडातून फुटलं नाही. मी फक्त रंग, रंग करत राहिलो. दुसऱ्या दिवशी चकती जागेवर गेली होती आणि तिच्यावर नवी पट्टी होती, या वेळी दुहेरी.

दिवाळीनंतर मित्र टोळीत लागला. काही दिवस दुकानात कॉमिक बदलायला यायचा. मग येईनासा झाला. मी एकदा मार्केटात गेलो होतो. तो पोतं घेऊन समोरून येत होता. मी बाजूला झालो, त्याने मान हलवली आणि पुढे गेला.

तो टीव्ही आमच्याकडे पुढे पुष्कळ वर्षं चालला. शेवटी नवा घेतला तेव्हा जुना घेऊन जायला एक जण आला. बाबांनी स्वतःच्या हाताने पट्टी काढली. त्या माणसाने टीव्ही लावून चकती पार टोकाला नेली. कुठलीशी मालिका चालू होती. दारात एक बाई उभी होती, तिची साडी राणी रंगाची.

"बघा," बाबा अभिमानाने म्हणाले, "ट्यूब अगदी कोरी आहे. इतक्या वर्षांत कुणाला रंग वाढवू दिला नाही."

माझ्याकडे बघून ते हसले. त्यांना माझा दुजोरा हवा होता.